हायरायडरचे हायब्रिड बॅज: दारांवरचे काढले, मागचा ठेवला (दोन डिटेलिंगवाल्यांचा अनुभव)

गाडी आमची टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही, नुसत्या मोटरवर पण चालू शकते), २०२३ मध्ये घेतलेली, गडद निळी. पुढच्या दोन्ही दारांवर एकेक आणि मागे डिक्कीच्या दारावर एक असे हायब्रिड लिहिलेले तीन बॅज होते. दारांवरचे दोन या पावसाळ्यात काढून घेतले, एक एका दुकानात आणि दुसरा दुसऱ्या दुकानात, कारण पहिल्या ठिकाणी जे झालं ते बघितल्यावर दुसऱ्या दाराला त्यांचा हात लावू द्यायची माझी हिंमतच झाली नाही. मागचा बॅज जागेवर आहे आणि तो राहणार आहे. का ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय, पण तुम्ही बॅज काढायच्या विचारात असाल तर पूर्ण वाचा.

काढायची आयडिया मुलाची. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाईलवर दिवसभर गाड्यांचे व्हिडिओ बघतो, त्यामुळे "आई, गाडी क्लीन दिसली पाहिजे, किती ती नावं चिकटवलीत" हे मी सहा महिने ऐकत होते. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या शब्दाचा थोडा कंटाळा आला होता. पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयाच्या बाहेर, कोणी ना कोणी विचारणारच, चार्जिंगला किती वेळ लागतो हो? मग मी सांगायचं की चार्ज करावी लागत नाही, प्लगच नाहीये, पेट्रोलच भरायचं, ब्रेक दाबला आणि पाय उचलला की बॅटरी आपली आपण भरते. एका मॉलमध्ये तर वॉचमनदादांनी बॅज बघून मला कौतुकाने थेट चार्जिंगच्या जागेवर नेलं, तिथून गाडी परत बाहेर काढायला दहा मिनिटं गेली.

मुलाचा दुसरा मुद्दा असा की बॅजमुळे आपल्याला मिळतं काय? ते पण खोटं नाही. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के, आम्ही घेतली तेव्हा आमच्यावर ४३ टक्के होता (आता सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय). इलेक्ट्रिकला आपल्याकडे रोड टॅक्स माफ, आम्ही पेट्रोलच्या दराने १२ टक्के भरला. अटल सेतूवर इलेक्ट्रिकला टोल माफ झाला, आम्ही भरतोच. म्हणजे सरकारदरबारी ही साधी पेट्रोल गाडी, मग मागे पाटी कशाला?

आणि या शब्दाची थोडी किंमत पण घसरलीय असं मला वाटतं. २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगा डिझेलवर एसएचव्हीएसचा बॅज आला, स्मार्ट हायब्रिड म्हणून. त्यातली मोटर इंजिनाला थोडा हात द्यायची, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन चालू करायची, पण एकट्या मोटरवर गाडी हलायची नाही. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात हायब्रिड म्हणजे नुसतं नाव असं बसलं ते बसलं. आमच्या गाडीत ८० पीएसची मोटर आहे आणि पुण्यात पौड रोडला सकाळच्या गर्दीत ती कितीतरी वेळ इंजिन बंद ठेवून चालते, आत बसलेल्याला नुसती चाकं आणि एसी ऐकू येतो. एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) मायलेजचा आकडा लिटरला २७.९७ किमी आहे, मला शहरात २२ ते २४ पडतं, हायवेला १०० च्या पुढे हाणली तर १९-२०. डिझेलची सवय असलेल्या माझ्या भावाला अजून पटत नाही की शहरात हायवेपेक्षा जास्त पडतं म्हणून.

असो, दुकानांकडे येते.

पहिलं डिटेलिंगचं (गाडी साफ-पॉलिश करणाऱ्यांचं) दुकान घराजवळचं, नाव लिहित नाही. फोनवर म्हणाले तीनशे रुपये बॅज, अर्धा तास, या लगेच. गेले तर एक विशीतला मुलगा हीट गन घेऊन आला आणि ड्रायव्हरच्या दाराला एकाच जागी लावून धरली. मला तेव्हा काही कळत नव्हतं, पण इतकं कळत होतं की स्वयंपाकात सुद्धा आपण एकाच जागी गॅसची धग लागू देत नाही, भांडं फिरवतो. मी म्हटलं, अरे जरा फिरव की. तो म्हणाला मॅडम रोजचं काम आहे. मग खिशातून कटरचं पातं काढलं आणि बॅजच्या खाली घातलं. बॅज निघाला, त्याच्या मागचा काळा फोमचा टेप अर्धा दाराला तसाच, तो त्यानी नखाने आणि परत त्याच पात्याने खरवडला, मग कसलंतरी थिनर फडक्यावर घेऊन खसाखसा पुसलं.

पुसून झाल्यावर मी मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघितला. तांदळाच्या दाण्याएवढे तीन ओरखडे, त्यातला एक नख लावलं तर अडकेल इतका खोल, आणि जिथे गन धरली होती तिथे वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झालेला. मालक आले, त्यांनी बघितलं, म्हणाले काही नाही मॅडम, दार रंगवून देतो, फ्री मध्ये. त्यांना वाटलं मी खूश होईन. पण कंपनीचा मूळ रंग एकदा गेला की गेला, उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा पहिल्यांदा विचारणार की या दाराला रंग कशाला मारला, कुठे ठोकली होती? मी नको म्हटलं, पैसे दिले नाहीत, त्यांनी मागितले पण नाहीत, आणि घरी आले. त्या रात्री मुलगा काही बोलला नाही, सकाळी मात्र त्यानीच फोन फिरवून दुसरं दुकान शोधलं.

दुसरं दुकान नऱ्हेच्या बाजूला सर्व्हिस रोडला, छोटंसं, दोन गाड्या मावतील एवढंच शेड. इथलं काम मात्र मनापासून चांगलं वाटलं म्हणून ते सविस्तर सांगते. मालक स्वतः काम करतात, पन्नाशीचे असतील. आधी त्यांनी गाडी धुतली, म्हटलं फक्त बॅज काढायचाय हो, तर म्हणाले धूळ असली की तीच सँडपेपरचं काम करते. मग एक छोटं मशीन दारावर टेकवून रंगाची जाडी बघितली, आमच्या चांगल्या दारावर ११० ते १२० मायक्रॉन दाखवत होतं, ओरखडे होते तिथे कमी. म्हणाले या १२० मध्ये वरचा क्लिअर कोट पस्तीस-चाळीसच असतो, आम्हाला जे काय खेळायचं ते तेवढ्यातच.

मग हीट गन नाही, साधा केस वाळवायचा ड्रायर. बॅजभोवती फिरवत फिरवत, मधून मधून हाताची पालथी बाजू लावून बघायचे, हाताला सहन होईल इतकंच गरम. मग मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा दोरा, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून बॅजच्या मागे घातला आणि करवतीसारखा मागेपुढे, अगदी सावकाश, कुठेही जोर नाही. टेप कापला जाण्याचा एक बारीक करकर आवाज येत होता. दोन मिनिटांत बॅज हातात आला, अख्खा, एक अक्षर वाकलं नाही. दाराला राहिलेला टेप त्यांनी अंगठ्याने चोळून चोळून गोळा केला, कणकेचा हाताला चिकटलेला भाग काढतो ना तसा, आणि उरलेला चिकटपणा गोंद काढायच्या लिक्विडने, मऊ कापडाने. पातं कुठेच नाही.

खाली बॅजचा ठसा दिसत होता. तीन वर्षं उन्हात उभी गाडी, बाकीचं दार किंचित उतरलेलं, बॅजच्या खालचं मात्र शोरूमसारखं, त्यामुळे तिरप्या उजेडात हायब्रिड हा शब्द रंगातच वाचता यायचा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हे जवळपास दिसत नाही म्हणाले, गडद निळा, लाल, काळा यांच्यावर दिसतं. पॉलिश करून त्यांनी बराच घालवला, पूर्ण नाही, आणि पूर्ण जाणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. खरबरीत झालेलं दुसरं दार पण पॉलिशने सत्तर टक्के सुधारलं, खोल ओरखडा राहिला, तो भरायला गेलो तर क्लिअर कोट संपेल म्हणाले, राहू दे. सगळं मिळून बाराशे रुपये आणि तीन तास. मला पैसे जास्त वाटले नाहीत.

मागचा पण काढायचा का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं हो तर. पण तेवढ्यात अंधारून आलं आणि पाऊस सुरू झाला, शेड उघडं, ओल्या पत्र्यावर काम करत नाही म्हणाले, पुढच्या शनिवारी या. म्हणून तो राहिला. निव्वळ पावसामुळे.

त्या मधल्या गुरुवारी मी आणि आई सोलापूरला साखरपुड्याला गेलो होतो, येताना रात्रीचे साडेनऊ, यवतच्या अलीकडे, पाऊस. एका ट्रकने लेन बदलली, मी डावीकडे घेतली आणि मागचं डावं चाक कडेच्या काँक्रीटच्या धारेवर आपटलं. आम्हाला दोघींना काही झालं नाही. पण अलॉय फुटला, चाक आत वाकलं, गाडी हलेना. हायवेच्या हेल्पलाइनला, १०३३ ला फोन केला, अर्ध्या तासात टोलवरून क्रेन आली, ती हुकाची, मोठी नाही. क्रेनवाले दादा उतरले, गळ्यात टॉवेल, चाक बघितलं आणि म्हणाले, मागचंच गेलंय, मागनं उचलतो ताई, पुढची चाकं फिरती आहेत, यवतला गॅरेजपर्यंत ओढून नेतो. मी म्हटलं बरं दादा. मला त्यात काही चूक वाटलीच नाही, चाक मोडलंय तिकडून उचलणार हे सरळच होतं.

ते पट्टा घेऊन मागे गेले, खाली वाकले, टॉर्च डिक्कीवर पडला आणि तसेच थांबले. "ताई, हायब्रिड हाय का ही?" हो म्हटलं. "मग अशी नाय न्यायची. पुढची चाकं रस्त्याला टेकून फिरली तर आतली मोटर फिरती. सपाट गाडी मागवतो, थांबा थोडं." आधी एकदा त्यांच्या ओळखीतल्या कोणाकडून अशीच एक गाडी ओढून नेताना खराब झाली होती, तेव्हापासून ते बघतात म्हणाले. फ्लॅटबेड यायला पावणेदोन तास लागले, आई गाडीत, मी छत्री घेऊन बाहेर, ते दादा क्रेनचा पिवळा दिवा चालू ठेवून आमच्या मागे उभे राहिले, गेले नाहीत. पैसे घ्या म्हटलं तर चहापुरते घेतले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला ॲडव्हायझरनी समजावून सांगितलं. या गाडीत गिअर सोडवला म्हणजे चाक आणि मोटर वेगळे झाले असं होत नाही, दात दातात कायम असतात, न्यूट्रलला सुद्धा पुढचं चाक फिरलं की मोटर फिरते, आणि त्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असल्यामुळे ती फिरली की वीज तयार करते, गाडी बंद असली तरी. ओढून नेताना त्यातून बिघाड होऊ शकतो, आग पण लागू शकते. एकतर पुढची चाकं उचलायची नाहीतर चारही. हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मी गाडी घेतल्यापासून मॅन्युअल उघडलं नव्हतं, त्या रात्री उघडलं.

तर माझा मुद्दा हा आहे. त्या रात्री मी शुद्धीवर होते, बोलत होते, शेजारी उभी होते, तरी मला सांगता आलं नसतं, कारण मलाच माहीत नव्हतं. त्या दादांना जे कळलं ते फक्त डिक्कीवरच्या त्या सात-आठ सेंटीमीटरच्या शब्दामुळे. आणि आपल्याकडे बाहेरून ओळखायला दुसरं काय आहे? इलेक्ट्रिकला २०१८ पासून हिरवी नंबर प्लेट आहे, शंभर फुटांवरून कळतं. हायब्रिडला साधी पांढरी. आरसीवर इंधनाच्या रकान्यात असतं, पण अपघातात आरसी कोण बघत बसणार, आणि हल्ली ती मोबाईलमध्ये असते, मोबाईल लॉक.

बरं, आमच्या गाडीची बॅटरी मागे डिक्कीच्या खाली आहे. ०.७६ किलोवॉट अवर, लहानच, पण १७७.६ व्होल्ट. घरातल्या सॉकेटपेक्षा थोडी कमी म्हणून हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, हा डीसी आहे. तिथून इंजिनाकडे नारिंगी रंगाच्या केबल जातात, तो नारिंगी रंगच मुळात हात लावू नका म्हणून ठेवलेला असतो, सगळ्या कंपन्यांचा तोच. उद्या गाडी उलटली, दार अडकलं, अग्निशमनवाले कटर घेऊन आले, तर पत्रा कुठे कापायचा आणि कुठे नाही हे त्यांना पहिल्या मिनिटात कळायला पाहिजे. टोयोटाच्या बचाव पथकांसाठीच्या गाइडमध्ये पहिली पायरीच गाडी ओळखणं ही आहे, आणि ओळखायचं कसं तर बॅजवरून. त्यात असंही आहे की आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं धरायचं नाही, आणि बंद केल्यावर सुद्धा आत दहा मिनिटांपर्यंत हाय व्होल्टेज राहू शकतं. आता मागे नुसता टोयोटाचा लोगो असेल तर तो माणूस ती पेट्रोल समजूनच काम करणार ना? हायरायडर साधी पेट्रोल पण येते, सीएनजी पण येते, आकार तोच.

रोजच्या कामात पण बॅजचा उपयोग होतो हे मला नंतर आठवलं. पीयूसीला गेलं की ते नळी घालतात आणि इंजिनच बंद, मीटरवर काही येतच नाही. ज्यांनी बॅज बघितलेला असतो ते स्वतःच म्हणतात मॅडम ॲक्सिलरेटर दाबून ठेवा, इंजिन चालू होतं, काम होतं. नाहीतर गाडी बंद पडली म्हणून बॉनेट उघडायला लागतात.

माझी बहीण अमेरिकेत सनीवेलला असते, तिच्या जुन्या प्रियसचा सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) रात्रीत कापून नेला होता, तिकडे हायब्रिडचे जास्त चोरतात कारण इंजिन कमी चालतं आणि आतले महाग धातू कमी झिजलेले असतात. म्हणून तिकडे काही जण बॅज काढतात. पण ती स्वतःच म्हणाली की चोराला प्रियस आकारावरूनच ओळखू येते, बॅज कोण वाचतंय.

शनिवारी नऱ्हेवाल्यांना फोन करून सांगितलं की मागचा राहू दे. त्यांनी एक मधला मार्ग सुचवला, काढू नका, वरून काळा ग्लॉसी व्हिनाइल लावू, मुलाला पण आवडेल. पण गडद निळ्यावर काळं, रात्री टॉर्च पडला तर वाचता येईल का? ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, नाही येणार मॅडम, चंदेरीच ठेवा. गिऱ्हाईक हातचं सोडून खरं सांगितलं हे मला फार आवडलं. पांढऱ्या गाडीवर काळा चालेल, उलट उठून दिसेल.

मुलगा आधी नाराज होता. मग मी त्याला बरोबर घेऊन डिक्कीचं कार्पेट उचललं आणि बॅटरीचा डबा दाखवला, त्यावरचा पिवळा विजेचा स्टिकर दाखवला. आजी त्या रात्री गाडीत होती हे त्याला माहीत होतंच. काही बोलला नाही, पण परत विषय काढला नाही.

तर कोणाला काढायचेच असतील तर एवढं बघा. दारांवरचे किंवा फेंडरवरचे खुशाल काढा, मागचा ठेवा. मॉडेलचं नाव, व्हेरिएंटचं नाव हवं तर काढा, दिसायला तेवढ्याने पण मोकळं दिसतं. काढण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या की तो बॅज नुसता टेपवर आहे की मागे पिना आहेत, पिना असतील तर खाली पत्र्याला भोकं निघतील आणि त्यात पाणी जाईल. दुकानात गेल्यावर कटरचं पातं दिसलं तर गाडी तिथून काढा. गाडी गडद रंगाची आणि दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर ठसा राहणार हे धरूनच जा. काढलेले बॅज फेकू नका, आमचे दोन्ही मी पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेत, गाडी विकताना घेणाऱ्याला देता येतील. आणि पुण्यात पावसाळ्यात जाऊ नका, उघड्या शेडमध्ये तर नाहीच.

पहिल्या दुकानाला पाचपैकी एक, तो पण मालकांनी आरडाओरडा केला नाही म्हणून. दुसऱ्याला साडेचार, अर्धा कापला कारण वेळ सकाळी अकराची दिली होती आणि हात लागला साडेबाराला. क्रेनवाल्या दादांचा नंबर मी मोबाईलमध्ये सेव्ह केलाय, दिवाळीला फराळाचा डबा त्या टोलवर पोचवायचाय, आईने आत्तापासून आठवण करून ठेवलीय.